घरटं आणि कठडा

लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी मी एक शहाणपणा केला. आमच्या यहुदी धर्मग्रंथातले नियम मला नुसता पसारा वाटले. घरट्यातली पिल्लं घ्यायची तर आधी त्यांच्या आईला उडू द्या, आणि लगेच पुढे, नव्या घराच्या गच्चीला कठडा बांधा! मग या अतिशहाणीनं वहीत पक्षी एका पानावर, घरं दुसऱ्या पानावर असे सगळे नियम डाळी-तांदळाच्या डब्यांसारखे लावले आणि मिरवत मामंजींना दाखवले.

आज गच्चीच्या कठड्याला टेकून ठेवलेल्या जास्वंदीच्या कुंडीत बुलबुलाचं घरटं रिकामं आहे. पिल्लं परवाच उडाली. आई अजून येते, डोकावते आणि जाते. हाच कठडा धरून माझी लेक चालायला शिकली. त्यानं तिला पडू दिलं नाही, पण ती इस्राएलला निघाली तेव्हा अडवलंही नाही. घरट्याशेजारी उभी राहून मी तोच कठडा धरते, तेव्हा मामंजी आठवतात. वही मिटून ते म्हणाले होते,

"पोरी, टापटीप छान केलीस, पण घरट्याचा आणि कठड्याचा शेजार मोडलास की गं! जुने जाणते त्या शेजारातूनच अर्थ काढायचे. ती दोघं एकमेकांशी काही बोलत होती. घर रिकामं झालं की ऐकू येईल तुला."