साहेबांचा शनिवारचा क्लास

असे किस्से गोळा करावे लागत नाहीत. एका जागी वीस वर्षं नोकरी करा, आपोआप साठतात. नंतर घरचेसुद्धा ऐकून कंटाळतात, आणि खरं सांगायचं तर आपणही सांगून कंटाळतो. तरी चहा आला की तोंड उघडतंच.

मी रोह्याच्या एका केमिकल कंपनीत स्टोअर्स सांभाळायचो. नव्वद सालानंतर आमच्याकडे कर्णिक नावाचे वर्क्स मॅनेजर आले. परदेशात राहून आलेले. व्हिस्की, वाइन आणि सिगार, या तीन गोष्टी जंटलमनला नीट जमल्याच पाहिजेत, असं त्यांचं ठाम मत. आणि आम्ही जंटलमन नव्हतो, हेही! म्हणून दर शनिवारी पाच वाजता, शिफ्ट सुटली की कंपनीच्या गेस्ट हाउसवर आमचा क्लास. फुकट प्यायला मिळते म्हणून सगळा प्लांट आमच्यावर जळायचा. मला मात्र शुक्रवारपासूनच थकवा यायचा.

*

क्लासात आम्ही तिघं. मी, मेंटेनन्सचे फोरमन गायकवाड आणि लॅबमधला पाटील. पाटील पेणकडच्या खारेपाटातला, वडील मिठागरावर कामाला. त्याचं प्रोबेशन साहेबांनी एकदा वाढवलं होतं. लग्न ठरत आलेलं, पण मुलीकडचे म्हणत होते, "आधी पर्मनंटचं पत्र दाखवा." पत्र टाइप होऊन साहेबांच्या ड्रॉवरमध्ये पडलं होतं. पाटलानं सहीचा विषय काढला की साहेब म्हणायचे, "आधी ग्लास धरायला शीक."

शिकायला तो बिचारा सगळं करायचा. शनिवारची पॅसेंजर चुकवून बसायचा.

*

पहिल्यांदा वाइन आली तेव्हा साहेब म्हणाले, "आधी वास घ्या. घाई करू नका."

पाटलानं ग्लास हात लांब करून धरला आणि दुसऱ्या हातानं हलकेच वारा घालून वास नाकाकडे ओढला. लॅबमध्ये पहिल्याच दिवशी शिकवतात, कशातही थेट नाक घालायचं नाही.

"काय जाणवतं?" साहेबांनी विचारलं.

"ॲसिटिक ॲसिड आहे, सर. बूच लीक असणार."

बाटली खरोखरच आंबलेली होती. साहेबांनी ती आम्हा तिघांना संपवायला लावली आणि पाटलाचं प्रोबेशन आणखी सहा महिने वाढवलं.

*

सिगारची गोष्ट वेगळी. गेस्ट हाउस कंपाउंडच्या आत, आणि पलीकडे सॉल्व्हंटच्या टाक्या. गेटवर आमच्या काडेपेट्या काढून घ्यायचे. धूम्रपानबंदीच्या बोर्डावर खुद्द साहेबांची सही. त्यामुळे वर्षभर आम्ही सिगार न पेटवता शिकलो. धरायची कशी, फिरवायची कशी, बोलताना बाजूला कशी न्यायची. तीन मोठी माणसं थंड सिगारी घेऊन तासभर बसलेली, आणि साहेब सांगताहेत, "धूर आत घ्यायचा नाही."

गायकवाडांचा धीर एकदा सुटला. त्यांनी टोक मोडलं, तळव्यावर चुना लावून मळलं आणि दाढेत धरलं.

"कसं आहे?" मी हळूच विचारलं.

"वर्ष फुकट गेलं," गायकवाड म्हणाले.

*

व्हिस्कीत पाणी नको, सोडा नको, सोबत खायला तर काहीच नको. साहेब डोळे मिटून सांगायचे, "घोट जिभेवर ठेवा. शांतता ऐका."

एका शनिवारी त्या शांततेत कडकन मोठा आवाज झाला. गायकवाडांनी खिशातून पोह्याचा भाजका पापड आणला होता. साहेबांनी डोळे न उघडता विचारलं, "पेणचा?"

"व्हय, साहेब."

साहेबांनी हात पुढे केला. नियम मात्र तोच राहिला.

*

आणि एका शनिवारी पाटलाचे वडील आले. जिते स्टेशनवर गाडी पकडून आले होते, पायात चप्पल नाही. मुलीकडच्यांनी त्या महिन्याची मुदत दिली होती. पाटील चटकन उठून उभा राहिला. साहेबांनी मात्र त्यांना समोर बसवलं आणि त्यांच्यासाठीही ग्लास भरला.

म्हाताऱ्यानं ग्लास दोन्ही हातांनी घेतला. बोट बुडवलं आणि तीनदा शिंपडलं, थेट साहेबांनी परदेशातून आणलेल्या गालिच्यावर. पाटलानं डोळे मिटून घेतले. मला त्याच्याकडे बघवेना.

"हे काय?" साहेबांनी विचारलं.

"पयलं गेलेल्या मान्सांचं, मंग आपलं. एक बापासाठी, एक आयसाठी. आनि एक या पोराच्या आयसाठी. लगीन बगाया ती नाय, पन बातमी तरी पोचवायची. खोटी बातमी तिला कशी देऊ? म्हनून कागद मागाया आलो."

साहेबांनी स्वतःच्या ग्लासात बोट बुडवलं आणि गालिच्यावर एक थेंब सोडला. थांबले. मग आणखी एक सोडला, अगदी छोटा.

साहेबांनी लग्नच केलेलं नाही, असं आम्ही इतकी वर्षं धरून चाललो होतो.

"दोन?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"दोन," साहेब म्हणाले, आणि ड्रॉवरची किल्ली काढून माझ्या हातात दिली.