रेवाचं आईवरचं गाणं

मी पोळ्या करते त्या घरातल्या रेवाने खिडकीला गोधड्या लावून घरातच आपली गाणी रेकॉर्ड केली. आज तिने ती मला ऐकवली. गेलेल्या आईवरच्या गाण्यात तिचा आवाज कापरा झाला आणि माझं लाटणं थांबलं.

“हसू नका हं मावशी, तेवढं चुकलंय. ते काढून परत गाते.”

माझी आई गेली तेव्हा आवाज कापेल म्हणून मी कामाच्या घरी कितीतरी दिवस कुणाशी बोललेच नव्हते. असं किती जणींच्या घशात राहून जात असेल. या मुलीने ते गाऊन टाकलं होतं.

“नको गं, राहू दे,” मी कशीबशी म्हणाले.

तिने माझ्याकडे पाहिलं आणि गाणं पुन्हा सुरुवातीपासून लावलं. मी गॅस बंद केला आणि त्या घरात पहिल्यांदाच खुर्चीवर बसले.