पंधरा-चाळीस अंकल

अंकलना जगातलं काहीही पातळ चालत नसे. मराठी मिस्सा संपल्यावर चर्चच्या बेसमेंटमध्ये चहा मिळे. त्याचा पहिला घोट घेऊन ते म्हणायचे, "दूध नुसतं दाखवून परत नेलंय." वसईत ट्रक चालवताना वापरलेलं पंधरा-चाळीस नंबरचं जाड इंजिन-तेलच ते इथे कॅनडात आपल्या डिझेल पिकअपमध्ये घालत, म्हणून पाठीमागे आम्ही त्यांना पंधरा-चाळीस म्हणायचो. तोंडावर अर्थातच अंकल.

ग्वेल्फमध्ये नव्याने आलेल्या बहुतेक मराठी घरांतली पहिली गादी त्याच पिकअपमधून आली. आमचीही. बदल्यात तेलावरचं व्याख्यान ऐकून घ्यायचं. "तेल बोटाला धरलं पाहिजे. सिंथेटिक म्हणजे पॉलिस्टरची साडी, नुसती झुळझुळीत." त्यांचा मुलगा रायन वैतागून म्हणायचा, "डॅड, दॅट फर्स्ट नंबर इज फॉर द कोल्ड. यू नीड फाइव्ह-फॉर्टी सिंथेटिक." पहिला आकडा जितका लहान, तितकं तेल थंडीत चटकन वाहतं, इंजिन तापल्यावर दोन्ही सारखीच. अंकल शांतपणे मला, पदवीधर इंजिनिअरला, विचारत, "पाच मोठे की पंधरा?"

थंडीत डिझेल गाड्यांना इथे रात्रभर ब्लॉक हीटर लावून ठेवतात. अंकलना तेही मंजूर नव्हतं. "इंजिनाला शेक कसला द्यायचा? बाळंतीण आहे का ती?"

एका जानेवारीत अंकलच्या बायकोच्या, तेरेजा आन्टींच्या, आईचं दुखणं फार वाढलं म्हणून वसईहून फोन आला. आन्टींचं तिकीट निघालं. विमानतळावर सोडायला अर्थात पिकअप. सकाळी बाहेर उणे अठ्ठावीस. शेजारी म्हणून मी बॅगा उचलायला गेलो. अंकलनी किल्ली फिरवली, इंजिन नुसतं कण्हलं. "टॅक्सी मागवतो," मी म्हटलं. "थांब रे, आत्ता घेईल." आन्टी कोट घालून बॅगेवर बसल्या होत्या. अंकल बॅटरी पार उतरेपर्यंत किल्ली फिरवत राहिले. मग टॅक्सी आली, पण विमान गेलं. आन्टी दुसऱ्या दिवशी निघाल्या आणि त्या वाटेत असतानाच आई गेली.

त्या परत यायच्या आत अंकलनी पंधरा-चाळीस काढून रायन म्हणायचा ते तेल घातलं. व्याख्यानंही बंद झाली, आणि ज्यांची आम्ही इतकी थट्टा केली त्यांच्याविना आम्हाला चुकल्याचुकल्यासारखं वाटू लागलं.

पुढच्या हिवाळ्यात नागपूरहून आलेल्या एका तरुणाने जुनी डिझेल गाडी घेतली. मिस्सानंतर पार्किंगमध्ये त्याने मोठ्या आदराने विचारलं, "अंकल, ऑइल कोणतं घालू?" अंकल बुटांवरचा बर्फ झटकत राहिले. मला त्यांच्याकडे बघवेना.

"पाच-चाळीस घाल. सिंथेटिक," आन्टी म्हणाल्या, आणि त्यांनी अंकलच्या कोटाचं वरचं बटण लावून दिलं.