मेसिनाच्या धक्क्यावरचा तंबू

तेर्यो मानोंगना नेपल्स अर्धा तास खोल माहीत होतं. हे त्यांचंच मोजमाप. जहाजाच्या धुलाईखान्यात दुपारची पाळी सुटली की संध्याकाळच्या पाळीआधी पावणेदोन तास मिळतात. त्यातून कपडे बदलणं, रांग आणि तपासणी वजा केली की अर्धा तास जायला आणि अर्धा यायला उरतो. नवे लोक तेवढ्यात अख्खं शहर गिळायला बघतात. मानोंग म्हणायचे, "बंदर काय लग्नाचं जेवण आहे, ताट भरून घ्यायला? एका खेपेला एक गल्ली. ती नीट चाल. पुढच्या खेपेला पुढची."

फिलिपिन्समधल्या त्यांच्या इलोइलोकडे थोरल्या भावाला मानोंग म्हणतात, थोरल्या बहिणीला मानांग. आमच्या जहाजावर निम्मे लोक तिकडचेच, त्यामुळे वेंगुर्ल्याचा असूनही मी तेच म्हणायला लागलो. पहिल्या वर्षी मी प्रत्येक बंदराच्या फाटकाशी फुकटचं वायफाय शोधून घरच्यांजवळ रडगाणं गात बसायचो. एक दिवस मानोंगनी माझा फोन स्वतःच्या खिशात टाकला आणि मला पालेर्मोच्या बाजारात नेलं. चण्याच्या पिठाची तळलेली वडी पावात घालून हातात दिली.

"खा. मग घरी सांग, उपाशी आहे म्हणून."

बेसन शेवटी बेसनच. खाताना डोळ्यांत पाणी आलं आणि ते वडी गरम होती म्हणून आलं असं मी सांगितलं. मार्सेयची मासेवाली, माल्टाचे जिने, बार्सिलोनातला तो अंधारा पुस्तकवाला, जे काही मी पाहिलं ते या माणसामुळे. त्याचं ऋण मी जन्मभर मानीन.

मेसिनात मात्र मानोंग एकही गल्ली चालले नाहीत. तिथे फाटकाबाहेरच्या बाकावर त्यांची थोरली बहीण, कोन्सिंग, वाट बघत असायची. ती तिथल्या एका अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या म्हातारीला सांभाळायची. तिला गुरुवारी अर्ध्या दिवसाची सुटी, आणि आमचं जहाज एकाआड एक गुरुवारी मेसिनात. अकरा वर्षं दोघं त्या बाकावर भेटली. नारळाच्या दुधातला चिकट भात खायची, गुडघ्यांबद्दल बोलायची.

तीन वर्षांपूर्वी त्यांची आई इलोइलोला वारली. हे समुद्रात, ती मेसिनात. दोघांपैकी कुणीच पोचलं नाही. त्यानंतर बाकावर आईचा विषय निघायला लागला की मानोंग घड्याळ बघून उठायचे.

यंदा त्यांची साठी झाली. रविवारी बार्सिलोनाला उतरून ते कायमचे घरी जाणार होते, म्हणजे हा मेसिनाचा शेवटचा गुरुवार. "या वेळी बोलतोच," हे त्यांनी इस्त्री करता करता मला चारदा सांगितलं.

आमच्याकडे नियम असा, की कुठल्याही बंदरात एक तृतीयांश लोकांनी जहाजावर थांबायचं. आग लागली, काही झालं, तर माणसं हवीत. ज्याला अडचण आहे त्याने आदल्या संध्याकाळपर्यंत कागदावर अदलाबदल करून घ्यायची. मानोंगवर गुरुवार आला होता, माझ्यावर बुधवारचं माल्टा. आम्ही बदललं. कागदावर तारखेसोबत बंदराचंही नाव घालावं, हे आम्हा सगळ्यांना मानोंगनीच शिकवलेलं. "वारा तारीख वाचत नाही," म्हणायचे. आणि घाईघाईत स्वतः नुसती तारीख लिहून बसले. लोका सांगे ब्रह्मज्ञान!

बुधवारी पहाटे कप्तानाने कर्ण्यावर सांगितलं: माल्टात वारा फार आहे, आत शिरता येणार नाही. आज मेसिना, माल्टा उद्या. म्हणजे कागदावरच्या तारखेप्रमाणे मेसिनातच मानोंगनी जहाजावर थांबायचं.

मी धावत वर सुरक्षेच्या अधिकाऱ्याकडे गेलो. तो म्हणाला, मुदत काल संध्याकाळीच संपली. मला त्याचा राग आला, पण चुकीचा तो नव्हता. खाली आलो तर मानोंग फोन ठेवत होते.

"आज तिला सुटी नाही, तरी येते म्हणाली. येऊन काय करणार? जहाजाचा रंग बघणार?"

आमची मुकादम सुलास्त्री, जावा बेटावरची. चार वर्षांत तिच्या तोंडून कुणी गोड शब्द ऐकला नव्हता. ती समोर येऊन उभी राहिली.

"तेर्यो, इस्त्री बंद करा. टिपं गाळून माझ्या चादरी भिजवू नका. खाली तंबूवर जा."

फिरून परत येणाऱ्या प्रवाशांना गार ओले टॉवेल द्यायला धक्क्यावर, शिडीच्या पायथ्याशी, आमचा तंबू असतो. ते काम नवशिक्यांचं.

"मला सुटी दिलीत?" मानोंगना खरं वाटेना.

"सुटी कुणी दिली? काम दिलंय. वर विचारून आलेय, तंबू जहाजातच धरतात. पण त्याच्यापुढे पाऊल टाकलंत तर मीच समुद्रात ढकलीन."

"किती वेळ?"

"टॉवेल संपेपर्यंत. आणि मी पाठवत राहणार आहे."

मी बाकाकडे गेलो. कोन्सिंगताई होत्या, आणि सुटी नसल्यामुळे चाकांच्या खुर्चीत ती म्हातारीही होती. खुर्ची ढकलत मी त्यांना बाहेरच्या बाजूने तंबूशेजारच्या कमरेएवढ्या कठड्यापाशी आणलं. मानोंगनी कठड्यावरून वाकून बहिणीचा हात स्वतःच्या कपाळाला लावला, थोरल्यांना त्यांच्याकडे असाच नमस्कार करतात, आणि लगेच मागच्या प्रवाशाला टॉवेल दिला.

चार तास. एवढा वेळ त्यांना अकरा वर्षांत एकदाही मिळाला नव्हता.

ऊन वाढलं तशी म्हातारी घामाघूम झाली. मानोंगनी एक टॉवेल पलीकडे दिला. कोन्सिंगताईंनी तिचं कपाळ पुसलं, कानांच्या मागे पुसलं, मग एकेक बोट सोडवून बोटांच्या मधून पुसलं. म्हातारीने डोळे मिटून घेतले. मानोंग बघतच राहिले. रांगेतला प्रवासी हात पुढे करून ताटकळला, तेव्हा टॉवेल मी दिला.

"मानांग, रोज असं करतेस?"

"दिवसातून दोनदा. तू हे रोज धुतोस?"

"चार हजार."

"बाप रे! तरीच हात असे झालेत."

दोघं हसली. मग मानोंगनी टॉवेलांकडे बघत विचारलं, "आईला शेवटी कुणी असं पुसलं असेल का गं?"

"शेजारच्या सेन्यांगने पुसलं. शेवटचे नऊ दिवस, रोज. बोटांच्या मधूनसुद्धा. तिने मला फोनवर सगळं सांगितलंय. तुला तीन वर्षं सांगायचं होतं, तू ऐकायला थांबतच नव्हतास."

मानोंग रडायला लागले. रांग तशीच उभी होती, आणि कुणी तक्रार केली नाही.

"तिचे आभार मानलेस?"

"फोनवर मानले. पण तू आता घरी जातोयस ना, तेर्यो? तिच्या दारात जा. तिचे हात हातात घे आणि आपल्या दोघांकडून मान."

"जातो," मानोंग म्हणाले. "आधी तिच्याकडे, मग घरी."