लाल फडक्याची गाडी

निजामाच्या राज्यात, जालन्यात मस्तगडला आमची जंतू तपासायची प्रयोगशाळा होती. प्रयोगशाळा म्हणजे दोन खोल्या, एक सूक्ष्मदर्शक आणि मी. जंतू वाढवायला उबेची पेटी लागते म्हणतात. आमच्याकडं वैशाखात जंतूच सावली मागायचे. तालुक्या-तालुक्यांतले डॉक्टर आमच्याकडं काय वाटेल ते धाडत. एकानं लोणच्याच्या बरणीत मेलेला उंदीर धाडला होता, आणि मी बरणी उघडल्यावर मस्तगडच्या निम्म्या मांजरांनी आमच्या दारात बिऱ्हाड केलं.

जाफराबादच्या डॉक्टरची बाटली मात्र हसण्यासारखी नव्हती. त्याच्या लेकीचं लग्न चार दिवसांवर आलेलं. मांडवाचं पाणी ज्या विहिरीतून भरणार, तिच्याजवळची एक म्हातारी उलट्या-जुलाबांनी आडवी पडली. पटकीचा संशय. डॉक्टरनं म्हातारीचा जुलाब एका बाटलीत आणि विहिरीचं पाणी दुसऱ्या बाटलीत भरून आपल्या भरवशाच्या गाडीवानाकडं दिलं. उत्तर कागदावर नको, व्याह्यांच्या कानावर जाईल, म्हणून खूण ठरली : विहीर चांगली असली तर बैलाच्या शिंगाला पांढरं फडकं, वाईट असली तर लाल.

मी रीतीप्रमाणं दोन्ही नमुने खारट पेप्टोनच्या पाण्यात टाकले. पटकीचे जंतू त्यात वाढले की भिंगाखाली बाजारात सांड शिरल्यासारखे पळतात. दुसऱ्या सकाळी पाहिलं तर काहीच नाही. पळणारे नाहीत, बसलेले नाहीत. आमच्या मुलखातल्या पाण्यात साधे किडेसुद्धा नसावेत, असं माझ्या जन्मात घडलं नव्हतं. इतकी स्वच्छता मला खरी वाटेना. मग बाटल्या उजेडात धरल्या. पाणी कोऱ्या चहासारखं तांबूस.

गाडीवानाला विचारलं. तो ओट्यावर बसून गाडीखाली टांगायची पाण्याची कातडी मशक तोंडाला लावत होता. त्यानं अभिमानानं सांगितलं, जंतू मारायला विहिरीत टाकतात ती लाल दवा त्यानं चिमूट-चिमूट दोन्ही बाटल्यांत टाकली होती. "हैजा बसलेला होता मालक त्यात. वाटेत उडून अंगावर आला तं? बिलकुल गार केला त्याला."

म्हणजे नमुनाच मेलेला. विहीर चांगली की वाईट, सांगता येत नव्हतं, आणि तिसऱ्या रंगाचं फडकं ठरलेलं नव्हतं. मी लाल काढलं. लग्नाचं पाणी उकळावं लागलं तर लागो.

फडकं बांधता बांधता माझं लक्ष मशकीकडं गेलं. पाणी कुठलं, म्हणून विचारलं.

"आपल्याच गावचं. मांडवाच्या विहिरीचं. परगावचं पाणी बाधतं मला."

मशक मी उकिरड्यावर ओतली. उकळलेल्या पाण्याचा तांब्या पुढं केला. तो हसला. जे वाटभर पोटात गेलं होतं, ते कुठं ओतणार? मी म्हणालो, इथंच राहा, दवाखान्यात नेतो.

"मंग फडकं कोण नेईल? बैल एकटे नेतील काय?"

मांडवाला वेळ उरला नव्हता, आणि दुसरा कुणी जाफराबादेकडं निघायला तयार नव्हता. तो गेला. धुरळ्यात लाल ठिपका बराच वेळ दिसत राहिला. एरवी थापांशिवाय माझा दिवस जात नसे; त्या दिवशी मी कुणाला एकही मारली नाही.

पुढचं मला डॉक्टरनंच सांगितलं. हळदीच्या दिवशी गाडी सरळ मांडवाच्या तोंडाशी येऊन थांबली. लाल फडकं पाहून वाजंत्र्यांना वाटलं, सजवलेली गाडी आली, त्यांनी सनई धरली. डॉक्टरनं मात्र फडकं पाहिल्याबरोबर माणसं धाडून विहिरीवर काट्या टाकून ती बंद करायला लावली, मग गाडीवानाला हाक मारली. कासरा बैलांच्या पाठीवर सैल पडलेला होता. गाडीवान मागच्या कडब्यावर, गुडघे पोटाशी घेऊन, निळ्या पडलेल्या ओठांनी गार होऊन पडला होता.

विहीर खरंच वाईट आहे का, हे पुन्हा कुणी मला विचारलं नाही. त्या दिवशी सनई मात्र वाजतच राहिली; ती थांबवायला वाजंत्र्यांना कुणीतरी सांगायला हवं होतं.