माझ्या गळ्यातली जमना

मिरच्यांची देठं खुडत बसले होते, तेव्हा नंदुरबारहून शमीमचा फोन आला. शमीम म्हणजे कासमभाईंची धाकटी मुलगी. तिलाही आता नातवंडं आहेत. "काकी, अब्बा गये," म्हणाली आणि रडायला लागली. मी म्हटलं, "रडी ले पह्यले, मंग सांग." ती रडत होती तोवर माझा मिरचीचा हात सवयीनं गळ्यातल्या चांदीच्या टाकाकडे गेला, आणि मान अशी पेटली की फोन तिथेच टाकून मी पाण्याकडे पळाले. पोरीला वाटलं असेल, काकी हुंदके देते आहे. मी मान धूत होते. या गोष्टीला काही आठवडे झाले, पण तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. उठते, दारापर्यंत जाते, परत येते. म्हणून लिहायला घेतलं. शाळा चौथीपर्यंत झाली आहे, तेवढ्यात जे मावेल ते.

कासमभाईंना आता लोक कलाकार म्हणतात. तेव्हा कोणी म्हणत नव्हतं. त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या लुगड्यांवर छापायचे लाकडी ठसे कोरत. गिरणीचं कापड आलं, ठसे फळीवर पडून राहिले, आणि कासमभाई दुकानांचे बोर्ड रंगवायला लागले. मग नाटकाचे पडदे, मग डमण्या, म्हणजे छपराच्या बैलगाड्या, मग दारांच्या चौकटी. एका कामात जीव रमला की लगेच दुसऱ्याकडे वळायचे. चहासुद्धा उभ्यानं प्यायचे. त्यांचं सगळंच चांगलं होतं असं मी म्हणणार नाही. वाघ त्यांना कधीच जमला नाही, आजारी मांजर दिसायचा. बोर्डावरची अक्षरं शेवटाला जाऊन चेंगरायची, कारण आधी जागा बघून घेण्याइतका धीर नव्हता. पण माणसाचा चेहरा... तो त्यांनीच काढावा. आणि खोड होती ती तिथेच. कोणाचाच नसलेला चेहरा त्यांना काढता यायचा नाही. आमच्या कोरीट गावच्या पडद्यावर रावणाची दहा तोंडं काढायला सांगितली, तर दहाही गावातली निघाली. पाटील पडद्यासमोर बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "कासम, हाऊ डावीकडला तिसरा कोण शे रे?"

"रावण शे, पाटील."

"मिशा ते मन्ह्या शेतस!"

"उसन्या लिध्यात," कासमभाई म्हणाले.

मी कोरीटला दुसरेपणावर आले, ते देश स्वतंत्र झाल्यानंतरच्या चार-सहा वर्षांत. माहेर रनाळ्याचं. पहिली बायको जमना, लग्नानंतर थोड्याच काळात तापानं गेलेली. तिचा फोटो नव्हता. तेव्हा आमच्या गुजर घरांत बाईचा फोटो कोण काढणार? आमच्याकडे रीत अशी, की दुसरी आली की पहिलीचा चांदीचा टाक तिच्या गळ्यात घालायचा, म्हणजे गेलेली त्रास देत नाही. हा टाक म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढा पत्रा. सोनाराकडे त्याचा एकच ठसा असायचा, त्यावर पत्रा ठेवून ठोकला की झालं; गावोगावच्या मेलेल्या बायका एकसारख्या, दोन टिंबं आणि एक रेघ. पण माझ्या लग्नाच्या वेळी सोनाराचा ठसा फुटला. कासमभाई आमच्याकडे चौकट रंगवत होते. सासूबाईंनी पत्रा त्यांच्याच हातात दिला. "दोन डोया, एक नाक, बस," त्या म्हणाल्या. चूक झाली ती इथे. कासमभाईंनी जमनाला पाहिलेलं होतं. तिच्या लग्नातली डमणी त्यांनीच रंगवली होती, आणि नवी नवरी असूनही ती त्यांना म्हणाली होती, "भाई, हाऊ मोर शे का कोंबडी?" तर त्यांनी त्या नखाएवढ्या चांदीत जमनाच काढली. हनुवटी वर उचललेली, डावा डोळा किंचित बारीक, आणि ओठ असे की आता काहीतरी बोलेल.

मी तिला पाहिलेलं नव्हतं, मला काय कळणार? पण आमचे घरधनी माझ्याशी बोलायचे ते गळ्याशी बोलायचे. भाकर मागायची ती गळ्याकडे बघून. कापूस वेचायला किती बाया लागतील, हेही गळ्यालाच विचारायचं. मारलं नाही, टाकून बोलले नाहीत, पण मान वर करून माझ्या तोंडाकडे कधी पाहिलं नाही. दीड वर्ष मी त्या घरात गळ्यापुरती होते.

शेवटी एका बाजारच्या दिवशी मी नंदुरबारला कासमभाईंच्या दुकानात गेले. टाक काढून पुढे ठेवला. म्हटलं, "येनं तोंड पुसी टाका."

"भाभी, हाई काय पाटी शे का?"

"सगळा बायास्ना टाक कसा ऱ्हास? नाक नै, डोया नै. मन्हाच गळामा माणूस कशाले टाकं तुम्हीन?"

"माले दुसरं येत नै," ते म्हणाले. टाक उचलला, उजेडात धरला, परत ठेवला. "जमनाभाभीना फोटो कोठेच नै. मी पुसं ते ती गयी."

"मंग मी कोठे जाऊ?" मी म्हटलं. मोठ्यानं म्हटलं. शेजारचा तेलाचा दुकानदार बाहेर येऊन बघायला लागला.  कासमभाईंनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं, गिऱ्हाइकाकडे बघतात तसं नाही, चौकटीला रंग लावण्याआधी लाकूड बघायचे तसं. मला राग आला. टाक गळ्यात घातला आणि चालती झाले.

पुढच्या उन्हाळ्यात डमणी पुन्हा रंगवायची निघाली. कासमभाई आले, आठ दिवस गोठ्यात काम केलं, उभ्यानं चहा प्यायले. मी चहा पाठवायची, स्वतः गेले नाही. काम संपलं तेव्हा घरधनी बघायला गेले आणि गोठ्यातून हसण्याचा आवाज आला. त्या माणसाला हसता येतं, हे मला तेव्हा कळलं. मी धावत गेले. डमणीच्या मागच्या फळीवर बाई काढलेली होती. पदर खोचलेला, भिवया जाड, एक बोट वर केलेलं, तोंड उघडं... बाजारात भांडत होते तशीच मी. आणि पायाशी एक मोर, अगदी कोंबडीसारखा.

"हाई काय शे?" मी कासमभाईंवर ओरडले.

"देखा, आत्तेबी तशीच उभी शेतस," ते म्हणाले.

घरधन्यांनी फळीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. पुन्हा फळीकडे, पुन्हा माझ्याकडे. "थांब, हालू नको," म्हणाले. "तुन्ही भिवई खरंच इतली जाड शे का?" ते चित्र बरोबर आलं आहे का, हे ताडून बघत होते बिचारे. त्यासाठी त्यांना माझ्या तोंडाकडे बघावंच लागलं. मी पदर घेतला नाही. बघू दिलं.

ती डमणी बाजाराला निघाली की मागची पोरं ओरडायची, "कोरीटनी भांडखोर उनी!" मला त्याचं काही वाटलं नाही. पुढे ट्रॅक्टर आला, डमणी गोठ्याबाहेर पडली, फळीला वाळवी लागली. सत्तर साल येता येता ती चुलीत गेली, आणि घातली ती मीच. लाकूड ते लाकूड.

टाक मात्र गळ्यात राहिला. आणि इतक्या वर्षांत माझ्याच अंगावर घासून जमना पुसत चालली. नाक गेलं, हनुवटी सपाट झाली. घरधनी जाऊनही आता बरीच वर्षं झाली. गेल्या पावसाळ्यात मी कासमभाईंना भेटायला गेले. दिसत नव्हतं त्यांना. टाक त्यांच्या हातात दिला, त्यांनी अंगठा फिरवला. म्हटलं, "परत उठाव देता येई का?"

ते हसले. "तुम्हलेच पुसाना व्हता ना, भाभी?"

"व्हता. आत्ते नै."

"हात हालस मन्हा," ते म्हणाले, आणि बराच वेळ अंगठा तसाच फिरवत राहिले. "डावा डोया शे आजून."

आता जमनाला पाहिलेलं कोणी उरलं नाही. मी तर कधी पाहिलंच नव्हतं, मला ती माहीत आहे ती या पत्र्यावरून. घालून ठेवला तर ती झिजते. म्हणून शमीमचा फोन आल्यापासून मी टाक काढून डब्यात ठेवते, मग गळा हलका लागतो, जीव लागत नाही, की उठून परत घालते. आज सकाळी पुन्हा काढला. हे लिहीपर्यंत काढूनच ठेवायचा असं ठरवलं होतं... पण मघाशीच उठले, डब्यातून काढला, अंगठा फिरवून बघितला. डावा डोळा बोटाला लागतो अजून. घातला.