दौलतचं चौथं भोक

घोडपदेवात दौलतइतका भांडकुदळ माणूस दुसरा झाला नाही. त्याचं सर्वांत मोठं भांडण झालं ते एका आकड्यावरून, म्हणजे बघा.

गिरणीत तो डॉबीवर, म्हणजे मागाच्या नक्षीच्या यंत्रावर होता. मागावर नक्षी उठवायची तर लाकडी पट्टीच्या भोकांत खुंट्या बसवतात. खुंटी असली की धागे वर, नसली की खाली. ब्याऐंशीचा संप झाला, गिरणी काही पुन्हा उघडली नाही, आणि दौलतने दादरला कॉम्प्युटरचा क्लास लावला. चाळ हसली. मीही हसलो, खोटं कशाला बोला. पण खुंटी आहे की नाही, एवढंच तर त्या यंत्रालाही कळतं. गडी शिकला आणि चौऱ्याण्णव साली परळच्या एका लहानशा कंपनीत लागला. तिथे हार्ड डिस्कचा ड्रायव्हर लिहीत, म्हणजे कॉम्प्युटरचा हुकूम डिस्कला समजावणारा प्रोग्राम.

समोरच्या टेबलावर कालिंदीबाई. ठाकूरद्वारच्या, बोलणं इस्त्रीचं. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "गिरणीतून थेट इथे? हात धुऊन बसा." तिथून जे जुंपलं ते जुंपलंच.

डिस्कची अवस्था एका आकड्याच्या आठ घरांत ठेवलेली; घर म्हणजे भोकच, खुंटी आहे किंवा नाही. 'डिस्क कामात आहे' हे सांगणारं घर बाईंकडे. 'कुलूप आहे, यावर लिहू नका' हे सांगणारं दौलतकडे. आणि नेमकी कुलूप लावलेल्या डिस्कवरची एका छापखान्याची जुनी कामं पुसली गेली. मालक उत्तमराव म्हणाले, "शनिवार दुपारपर्यंत चूक सापडली पाहिजे. ज्याची निघेल तो घरी."

"बाई माझं कुलूप काढते," असं दौलत हापिसभर सांगत सुटला.

"मी माझं घर रिकामं करते," बाई म्हणाल्या. "तुमच्या कुलपाला हात लावायची मला हौस नाही."

शनिवारी सकाळी दौलतने धुण्याच्या साबणाची वडी आणली, आठ भोकं पाडली आणि काड्या खोचून प्रोग्राम पायरीपायरीने चालवला. बाईंविरुद्ध पुरावा हवा होता. डिस्कच्या पुस्तिकेत कुलपाची जागा चार, म्हणून काडी उजवीकडून चौथ्या भोकात. बाईंची जागा तीन. पण पुस्तिका मोजत होती शून्यापासून, म्हणजे तीन नंबर हेच चौथं भोक. डॉबीवाला जन्मभर एकापासून मोजत आलेला. त्याने कुलूप बाईंच्या खुंटीला टांगलं होतं. काम संपल्यावर बाई आपली खुंटी काढत, कुलूपही जाई.

घरांची किंमत उजवीकडून दुप्पट होत जाते, एक, दोन, चार, आठ, सोळा; म्हणजे प्रोग्रामात कुलपापुढे आठाच्या जागी सोळा लिहिलं की मिटलं. कुणाला कळलंही नसतं, आणि आठवडाभर याने मारलेल्या बोंबेमुळे घरी बाई गेल्या असत्या. मोह झाला, असं तो स्वतःच सांगतो. मग उठला आणि उत्तमरावांच्या टेबलावर साबण ठेवला. "माझी चूक. एकापासून मोजलं."

"मग निघा."

कालिंदीबाई मान वर न करता म्हणाल्या, "याने आणखी कुठेकुठे एकापासून मोजलंय, ते कोण शोधणार? मी नाही. ज्याने घाण केली त्यालाच काढू दे."

उत्तमरावांनी साबण दौलतकडे परत सरकवला. दौलत राहिला.

तो आभार मानायला गेला, तर बाई म्हणाल्या, "आधी माफी."

त्याने मागितली नाही. सहा वर्षं दोघं समोरासमोर बसली. कामाचं तेवढं चिठ्ठीवर. एकमेकांची चूक पकडायला इतकी टपलेली, की त्या कंपनीत बिनतक्रार चालायचा तो तेवढा एकच प्रोग्राम.